मैत्रीचे करार आणि आमच्या आजोबांचा खाडा

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी दोन देशांच्या नेत्यांचा गळाभेटीचा फोटो टाकला. खाली ओळ, ‘हे दोघे एकत्र आले, आता युद्ध विसरा.’ त्याखाली अंगठ्यांची ही रांग. मी तिथे काही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर पाण्याच्या टाकीचा विषय मागे पडला असता आणि सेक्रेटरी भडकले असते. म्हणून इथे लिहितेय. लांबणार आहे, आधीच सांगते.

अहो, एकत्र आले म्हणजे काय? २३ ऑगस्ट १९३९ ला मॉस्कोत हिटलरचा परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप आणि रशियाच्या स्टालिनचा परराष्ट्रमंत्री मोलोटोव्ह असेच एकत्र आले होते. दहा वर्षं एकमेकांवर हल्ला करायचा नाही, असा करार झाला. स्टालिन बाजूला उभा राहून हसतोय असे फोटो आहेत. नंतर त्याने हिटलरच्या आरोग्यासाठी पेलाही उचलला. करारासोबत एक गुप्त कागद होता, त्यात पोलंड कुणाला किती याची वाटणी होती. १ सप्टेंबरला जर्मनी पश्चिमेकडून पोलंडमध्ये घुसला, १७ ला रशिया पूर्वेकडून. २२ सप्टेंबरला ब्रेस्ट गावात जर्मनांनी गाव रशियनांच्या ताब्यात दिलं, तेव्हा संचलनाची मानवंदना घ्यायला जर्मन सेनापती गुडेरियन आणि रशियन अधिकारी क्रिवोशाइन शेजारी शेजारी उभे होते. ब्रेस्ट हे नाव लक्षात ठेवा.

आता आमचे आजोबा. लालबागला एका गिरणीत साचेखात्यात होते. २ ऑक्टोबर १९३९ ला मुंबईत सुमारे ९० हजार कामगारांनी युद्धाच्या विरोधात एक दिवसाचा संप केला. पगारासाठी नाही, बोनससाठी नाही, युद्ध नको म्हणून! आजोबा त्यात होते. त्यांची हिशेबाची एक वही होती. तिच्यात पेन्सिलीने लिहिलेलं मी लहानपणी स्वतः वाचलंय, ‘खाडा – लढाई’. त्या महिन्यात गावची मनिऑर्डर कमी गेली आणि आजीने ते त्यांना जन्मभर ऐकवलं.

इकडे हे, आणि तिकडे दोस्ती जोरात. रशियातून जर्मनीला धान्य, तेल, मँगनीज. मालगाड्याच्या मालगाड्या. डिसेंबर १९४० मध्ये हिटलरने रशियावरच्या हल्ल्याच्या आदेशावर सही केली, तरी गाड्या चालूच. हल्ला होणार हे रशियाचाच टोकियोतला हेर झोर्गे सांगत होता, चर्चिल सांगत होता, सीमेवर पळून आलेला जर्मन सैनिक सांगत होता. स्टालिनला वाटलं, सगळे मिळून मला भडकवताहेत. २२ जून १९४१ च्या पहाटे तीस लाखांवर जर्मन सैन्य सीमा ओलांडून आत आलं. पहिले तोफगोळे जिथे पडले त्यांत ब्रेस्टचा किल्ला होता. आणि त्याच भागातून सीमेवरची बग नदी पार करून रणगाडे नेणारा कोण? तोच गुडेरियन! जर्मन राजदूताने युद्धाचा निरोप दिला तेव्हा मोलोटोव्ह म्हणाला म्हणे, आम्ही असं काय केलं होतं? पोलंडच्या एखाद्या माणसाला विचारायचं होतंस बाबा.

युद्धाची सुरुवात ही अशी होते. वैर वगैरे नंतर सांगायला बरं पडतं. आधी असतात हसरे फोटो.

मग इकडे आजोबांच्या लालबागेत काय झालं? रशियावर हल्ला झाला आणि काही महिन्यांत, त्या संपामागे असलेल्या इथल्या कम्युनिस्ट पक्षाची भूमिका फिरली. कालपर्यंत साम्राज्यशाहीचं युद्ध होतं ते लोकयुद्ध झालं. संप नको, उत्पादन वाढवा. आजोबा सांगायचे, एका सभेत एक वक्ता हे समजावत होता, तेव्हा त्यांनी उभं राहून विचारलं, ‘मग माझा तो खाडा कुठल्या युद्धातला?’ लोक हसले. वक्त्यालाही हसू आलं म्हणे. उत्तर काही मिळालं नाही.

लिहिता लिहिता राग वाढला होता, आता जरा उतरतोय. कारण हेच आजोबा पुढे शाहीर अण्णाभाऊ साठेंचा, रशियातल्या स्टालिनग्राडच्या लढाईवरचा पोवाडा तोंडपाठ म्हणायचे. डफ नाही तर डबा वाजवायचे. २ फेब्रुवारी १९४३ ला तिथे जर्मन सैन्य शरण आलं, ते त्यांना आपल्या वाडीतलं कुणी जिंकल्यासारखं वाटलं होतं. स्टालिनसाठी नाही हो. तिथे लढणारी माणसं आपल्यासारखीच पाळीवर जाणारी, एवढंच त्यांना कळत होतं. त्यांना भोळं म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं.

आता कुणीतरी येऊन सांगेलच की त्या कराराने स्टालिनला तयारीला वेळ मिळाला. मिळाला, मान्य. आणि ब्रिटन-फ्रान्सनेही १९३८ ला म्युनिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाचा तुकडा हिटलरला देऊन टाकला होता, तेही मान्य. पण मिळालेल्या वेळात केलं काय? हल्ल्याच्या पहिल्या दिवशी रशियाची शेकड्यांनी विमानं जमिनीवरच जळली. लेनिनग्राडला ८७२ दिवस वेढा पडला, लोक उपासमारीने मेले. दोन कोटी सत्तर लाखांच्या आसपास सोव्हिएत माणसं गेली. आपल्या अख्ख्या मुंबईपेक्षा जास्त. आणि काकांना अंगठे!

संपलं तेही बघा कसं. २ मे १९४५ ला बर्लिन पडलं. ७ मेला फ्रान्समधल्या रीम्समध्ये जर्मनीच्या शरणागतीवर सही झाली, ती स्टालिनला पटली नाही. म्हणून ८ च्या रात्री बर्लिनमध्ये पुन्हा सही. तोवर मॉस्कोत मध्यरात्र उलटली होती, त्यामुळे युरोपात विजयदिन ८ चा आणि रशियात ९ चा. युद्ध कोणत्या दिवशी संपलं यावरसुद्धा दोस्तांचं एकमत नाही. आणि वर्षभरात हे जिंकलेले दोस्तही एकमेकांकडे डोळे वटारायला लागले.

१९३९ च्या त्या करारावर सह्या करणाऱ्यांपैकी रिबेनट्रॉप १९४६ ला न्यूरेंबर्गमध्ये फासावर गेला. मोलोटोव्ह ९६ वर्षांचा होऊन १९८६ ला वारला, आणि गुप्त कागद नव्हताच असं शेवटपर्यंत सांगत राहिला. तीन वर्षांनी त्याच्याच देशाच्या संसदेने तो होता हे मान्य केलं.

आजोबा त्याच्या आधीच गेले, नाहीतर पुन्हा उभे राहून काहीतरी विचारलं असतं. असो. तुमच्यापैकी कुणाचे आजोबा-पणजोबा त्या २ ऑक्टोबरला कामावर गेले नव्हते? परळ, लालबाग, डिलाईल रोड, कुठलेही असोत. घरात काही ऐकलं असेल तर खाली लिहा. फॉरवर्ड नको, ऐकलेलं लिहा.