कूपर, वेन आणि मधले गाव

अमेरिकी राजकारणाचा झटपट उलगडा करणारी एक मांडणी गेली काही वर्षे फार हौसेने पुढे पाठवली जाते आणि आपल्याकडेही तिला माना डोलावणारे पुष्कळ आहेत. तिचा सारांश असा: वेस्टर्न, म्हणजे जुन्या अमेरिकी पश्चिमेतल्या बंदूकबाजीच्या, चित्रपटांत नायक दोनच प्रकारचे असतात. एक गॅरी कूपर किंवा जेम्स स्टुअर्ट यांनी रंगवलेला, कायद्याचा हवाला देणारा, लोकांच्या साथीची वाट पाहणारा, मनातून कचरणारा. तो म्हणजे आजचा उदारमतवादी. दुसरा जॉन वेनचा, कुणापुढे हात न पसरणारा, बंदुकीने प्रश्न निकालात काढणारा. तो म्हणजे आजचा उजवा. पहिला भाषणे करतो, दुसरा गाव वाचवतो. संकट आले की मतदार दुसऱ्यालाच शोधतो, आणि रेगन, धाकटे बुश व ट्रम्प यांचे विजय हा त्याचा पुरावा. मांडणी चटपटीत आहे. पण तिचा एकेक मुद्दा मूळ चित्रपटांशेजारी ठेवून पाहिला, तर नायकांची तुलना करण्याच्या नादात त्यांच्या भोवतीचे गावच तिने वगळले आहे, हे ध्यानात येते.

पहिला मुद्दा असा, की ‘हाय नून’ (१९५२) हा डाव्यांचा चित्रपट आहे आणि त्यातला मार्शल, म्हणजे गावचा पोलीस प्रमुख, विल केन (गॅरी कूपर) हा उदारमतवादी नायक आहे. यात तथ्याचा अंश आहे, पण तो पटकथाकारापुरता. कार्ल फोरमन हे पूर्वी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होते. चित्रीकरण चालू असतानाच, सप्टेंबर १९५१ मध्ये, त्यांना कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीपुढे जावे लागले. जुन्या सहकाऱ्यांची नावे सांगायला त्यांनी नकार दिला, आणि हॉलिवूडची दारे बंद झाल्यावर त्यांनी लंडन गाठले. एकेक मित्र मार्शलकडे पाठ फिरवतो यात आपलाच अनुभव उतरला आहे, असे त्यांनी पुढे सांगितले. दिग्दर्शक फ्रेड झिनेमन यांना मात्र हे राजकीय रूपक मान्य नव्हते. त्यांच्या लेखी ती एका माणसाच्या सदसद्विवेकाची गोष्ट होती. आणि ज्या कूपरना या मांडणीने उदारमतवाद्यांच्या रांगेत बसवले आहे, ते रिपब्लिकन होते, हॉलिवूडमधल्या कडव्या कम्युनिस्टविरोधी संघटनेत होते, आणि १९४७ साली त्याच चौकशी समितीपुढे समितीला अनुकूल साक्षीदार म्हणून उभे राहिले होते. फोरमन अडचणीत असताना त्यांच्या नव्या कंपनीत पैसे घालण्याची तयारी कूपर यांनी दाखवली खरी, पण दबाव येताच ते मागे सरले. पडद्यावर एकटा उभा राहिलेला हा नट त्या वेळी, कटू असले तरी सांगायला हवे, केनला नव्हे तर केनच्या गावकऱ्यांना शोभेल असा वागला.

कथानकही एका बाजूला कलणारे नाही. फ्रँक मिलर या गुंडाला केननेच पकडून दिलेले असते. त्याला फाशी व्हायची असते, ती वरच्या पातळीवर जन्मठेपेवर येते आणि पाच वर्षांत तो सुटून दुपारच्या गाडीने सूड उगवायला निघतो. पोलिसांनी जीव धोक्यात घालून गुंड पकडायचे आणि वर बसलेल्यांनी त्यांना सोडून द्यायचे, ही तक्रार अमेरिकेत कोणत्या बाजूची समजली जाते, हे सांगायला नको. केनने तर पदही सोडलेले आहे, त्याच सकाळी त्याचे लग्न झाले आहे, नवा मार्शल दुसऱ्या दिवशी यायचा आहे. मग तो मदत मागायला चर्चमध्ये जातो. तिथे जे घडते ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. एक जण म्हणतो, मार्शल आणि त्याच्या साहाय्यकांसाठी आम्ही इतके दिवस पैसे मोजत आलो, आणि पहिल्यांदा संकट आले तर ते निस्तरायचे आम्ही? मग हेंडरसन हा गावातला वजनदार गृहस्थ उठतो. केनच्या कर्तबगारीची तो तोंड भरून स्तुती करतो. ऐकणाऱ्याला वाटते, आता हा माणसे उभी करणार. पण त्याच सुरात तो सांगतो, की उत्तरेकडचे लोक या गावात दुकाने आणि कारखाने काढण्यासाठी पैसा गुंतवायचा विचार करत आहेत, रस्त्यात गोळीबार झाल्याचे त्यांच्या कानावर गेले तर सगळेच फिसकटेल, तेव्हा केनने गाव सोडलेलेच सर्वांच्या हिताचे. चित्रपटाचा गाभा माझ्या मते इथे आहे, शेवटच्या गोळीबारात नाही. हिशेब करून काखा वर करणारा हा गाव उदारमतवाद्यांचा म्हणावा की व्यापारधार्जिण्या रिपब्लिकनांचा? तो दोन्हीकडचा आहे, आणि म्हणूनच तो सोयीस्करपणे चर्चेतून गाळला जातो.

स्वतः वेन यांना हा चित्रपट अजिबात आवडला नव्हता, हे खरे. १९७१ च्या एका गाजलेल्या मुलाखतीत त्यांनी त्याला आपण पाहिलेली सर्वांत अमेरिकाविरोधी गोष्ट म्हटले, आणि शेवटी मार्शल आपला बिल्ला पायाखाली तुडवतो असे वर्णन केले. चित्रपटात तो बिल्ला काढून धुळीत टाकतो, तुडवत मुळीच नाही. १९५३ च्या समारंभात कूपर यांच्या वतीने याच भूमिकेचे ऑस्कर मात्र वेन यांनीच स्वीकारले होते.

दुसरा मुद्दा ‘रिओ ब्राव्हो’चा (१९५९). हॉवर्ड हॉक्स यांनी तो ‘हाय नून’ला उत्तर म्हणून काढला, चांगला मार्शल गावभर मदत मागत फिरत नाही असे त्यांचे म्हणणे होते, आणि तेवढ्यावरून वेनचा शेरीफ चान्स हा कुणाचीही गरज नसलेला पुरुष ठरवला जातो. तो मदतीला नकार देतो, हे बरोबर. त्याचा मित्र व्हीलर आपली माणसे देऊ करतो तेव्हा चान्स म्हणतो, की ती चांगल्या मनाची हौशी माणसे आहेत आणि बहुतेकांना बायकामुलांची चिंता आहे. पण पुढचे दोन तास तो काय करतो? दारूतून बाहेर पडू पाहणारा साहाय्यक ड्यूड, एका पायाने लंगडणारा म्हातारा स्टम्पी, बंदूक चालवण्यात तरबेज पोरगा कोलोरॅडो, हॉटेल चालवणारा मेक्सिकन कार्लोस, पत्ते खेळणारी फेदर्स, यांतल्या प्रत्येकाने कुठल्या ना कुठल्या घडीला सावरले म्हणून तो जिवंत राहतो. फेदर्स खिडकीतून कुंडी फेकते आणि कोलोरॅडो त्याच्या दिशेने रायफल भिरकावतो, तो प्रसंग आठवावा. त्या दोन वस्तू वेळेवर आल्या नसत्या तर शेरीफ तिथेच संपला असता. केनला मागूनही मिळाले नाही आणि चान्सला न मागता मिळाले, एवढाच दोघांतला फरक. गरज दोघांनाही तेवढीच होती.

शिवाय चान्सचे काम काय होते, हे सांगायचे राहूनच जाते. नि:शस्त्र माणसाचा खून केलेल्या जो बर्डेटला त्याने कोठडीत घातले आहे आणि केंद्र सरकारचा मार्शल येऊन त्याला घेऊन जाईपर्यंत त्याला सांभाळायचे आहे. म्हणजे उजव्यांचा म्हणून मिरवला जाणारा हा नायक अख्खा चित्रपटभर वॉशिंग्टनच्या अधिकाऱ्याची वाट पाहतो. तुरुंगावर हल्ला झाला तर कैद्याला पहिली गोळी लागेल अशी गर्भित धमकी तो जोच्या भावाला देतो, तेव्हा त्याला धुतल्या तांदळासारखा म्हणता येणार नाही. पण कैद्याला परस्पर संपवून मोकळे होण्याचा सोपा मार्ग रोज समोर असताना तो ते करत नाही.

बंदूक हाच पश्चिमेचा कायदा होता, असे एक पोटविधान या मांडणीत असते, त्याला फार वेळ देण्याचे कारण नाही. ॲरिझोनातल्या टूम्बस्टोन गावात १८८१ साली गावहद्दीत शस्त्र बाळगण्यावर बंदी घालणारा नियम होता, आणि २६ ऑक्टोबर १८८१ ची ओके कोरलजवळची प्रसिद्ध चकमक तो नियम राबवण्यावरूनच पेटली.

तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार, कारण तो जॉन फोर्ड यांच्या ‘द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स’वर (१९६२) उभा आहे, आणि तो अर्धा खरा आहे. वकील रॅन्सम स्टॉडर्ड (जेम्स स्टुअर्ट) हा व्हॅलन्स या गुंडाला मारणारा म्हणून नावारूपाला येतो आणि सिनेटर होतो. प्रत्यक्षात गोळी टॉम डॉनिफनने (वेन) अंधारातून झाडलेली असते. मांडणी म्हणते, यातून एकच सिद्ध होते: कायदा बंदुकीच्या आडोशाने उभा राहतो आणि श्रेय लाटतो. गोळी लागली नसती तर स्टॉडर्ड त्या रात्री मेला असता, हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि फोर्डही ते नाकारत नाहीत. प्रश्न असा आहे, की डॉनिफन शिनबोन गावात आधीपासून राहत होता, गोळीबारात व्हॅलन्सला सरस होता, मग व्हॅलन्स इतके दिवस गावाला कसा छळू शकला? उत्तर खानावळीतल्या प्रसंगात आहे. ताटे घेऊन येणाऱ्या स्टॉडर्डला व्हॅलन्स पाय आडवा घालून पाडतो, मांसाचा तुकडा जमिनीवर पडतो, सगळे गप्प बसतात. डॉनिफन उठतो तो एका वाक्यानिशी: ते मांस माझे आहे. अपमान वकिलाचा झाला म्हणून तो उठत नाही, त्याच्या जेवणाला हात लागला म्हणून उठतो. तेवढे आटोपल्यावर व्हॅलन्स आपल्या वाटेने निघून जातो आणि गावाची दहशत होती तशीच राहते.

व्हॅलन्स हा निव्वळ गुंड नाही, हेही इथे महत्त्वाचे. नदीपलीकडच्या बड्या पशुपालकांना त्या प्रदेशाला राज्याचा दर्जा मिळायला नको आहे, कारण तसे झाले तर मोकळ्या कुरणांवरची त्यांची सत्ता जाईल. त्यासाठी त्यांनी व्हॅलन्सला भाड्याने ठेवले आहे. एका गोळीने तो मेला, पण त्याला पोसणारे पैसेवाले जागच्या जागी होते. त्यांना हरवायला मते लागणार होती. दारूच्या गुत्त्यात भरलेली ती सभा, जिथे प्रतिनिधी निवडायचे म्हणून खुद्द डॉनिफन बार बंद ठेवायला लावतो आणि पिणाऱ्यांची कुरकुर होते, ती फोर्ड यांनी विनोदी अंगाने रंगवली आहे. पण गावाच्या इतिहासातला मोठा दिवस तोच. डॉनिफनचे नाव पुढे येते, तो आपले खासगी बेत असल्याचे सांगून नकार देतो, आणि निवडले जातात ते स्टॉडर्ड आणि वृत्तपत्राचा संपादक पीबॉडी. सामर्थ्यवान पुरुषाला लोकांनी हाक मारली आणि तोच आला नाही, हे या मांडणीच्या उलट जाणारे आहे.

त्याहून बोलका प्रसंग स्टॉडर्डच्या शाळेतला. डॉनिफनचा कृष्णवर्णीय सोबती पॉम्पी हा स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातले वाक्य म्हणायला उभा राहतो आणि सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत या शब्दांपाशी अडखळतो. स्टॉडर्ड त्याला म्हणतो, काही हरकत नाही, पुष्कळ लोक तेवढेच विसरतात. पुढे सभेत मते मोजली जातात तेव्हा पॉम्पी आत नाही. कायद्याच्या बाजूने उभा असलेला हा चित्रपट कायद्याचे अपुरेपणही असे दाखवतो, आणि ते १९६२ मध्ये, मतदानाच्या हक्कांचा कायदा अमेरिकेत संमत होण्याच्या तीन वर्षे आधी. शिवाय गुळमुळीत उदारमतवादी म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवले जाते ते स्टुअर्ट पक्के रिपब्लिकन होते, दुसऱ्या महायुद्धात त्यांनी बॉम्बफेकी विमानांच्या मोहिमांचे नेतृत्व केले होते. वेन त्या युद्धात सैन्यात गेले नव्हते.

उरला चौथा मुद्दा, राष्ट्राध्यक्षांचा. बुश यांनी १७ सप्टेंबर २००१ रोजी बिन लादेनबाबत ‘जिवंत किंवा मृत’ या जुन्या पश्चिमी भित्तिपत्रकाची आठवण काढली, आणि जानेवारी २०१६ मध्ये ट्रम्प यांनी आयोवातल्या जॉन वेन यांच्या जन्मस्थानाच्या संग्रहालयात वेन यांच्या कन्येचा पाठिंबा स्वीकारला, हे घडले आहे. पण हा नायक सर्वांनीच वापरला आहे. क्लिंटन यांनी ‘हाय नून’ व्हाइट हाउसमध्ये १७ वेळा लावून घेतल्याचे सांगितले जाते. मुत्सद्दी किसिंजर यांनी १९७२ च्या मुलाखतीत, घोड्यावरून एकटाच गावात शिरणारा काउबॉयशी स्वतःची तुलना केली आणि नंतर त्या मुलाखतीचा त्यांना पस्तावा झाला. नोव्हेंबर १९५३ मध्ये, लोकांवर कम्युनिस्ट असल्याचे आरोप करत सुटलेले सिनेटर मॅकार्थी यांचा दबदबा शिगेला असताना, रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी आपल्या अबिलीन गावचा मार्शल वाइल्ड बिल हिकॉक याचा दाखला देऊन सांगितले, की तिथे ज्याच्यावर आरोप करायचा त्याला समोरासमोर भेटावे लागे, मागून वार चालत नसे. कोणाचे नाव न घेता तो टोला कोणाला होता, हे श्रोत्यांना कळले. आणि जून १९८९ मध्ये पोलंडच्या सॉलिडॅरिटीने निवडणुकीसाठी जे भित्तिपत्रक काढले, त्यात बिल्ल्याच्या वर सॉलिडॅरिटीचे चिन्ह लावलेला ‘हाय नून’मधला कूपर होता, आणि त्याच्या हातात बंदुकीऐवजी मतपत्रिका होती. कामगारांच्या संघटनेने, कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध, एका माजी कम्युनिस्टाने लिहिलेल्या नायकाला उभे केले. डावे-उजवे यांच्या कोणत्या खान्यात हे बसवायचे?

वेन यांचे स्वतःचे राजकारणही त्यांच्या नावाने चालणाऱ्या राजकारणात मावत नाही. पनामा कालवा पनामाला परत देण्याचे करार १९७७ मध्ये डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी पुढे आणले, तेव्हा रेगन यांनी त्यांविरुद्ध देशभर रान उठवले होते. वेन कार्टर यांच्या बाजूने उभे राहिले, आणि आपल्या जुन्या मित्राला, रेगन यांना, तुम्ही लोकांना चुकीची माहिती देत आहात, असे करारातली कलमे एकेक करून दाखवत पत्राने कळवले. पुढच्या वर्षी सिनेटमध्ये दोन्ही करार ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर झाले. आवश्यकता ६७ मतांची होती.