आवाज कुणाचा, तेही लिहा

मोठ्या मायच्या पत्र्याच्या पेटीत एक कॅसेट सापडली. वर बॉलपेनने 'कानबाई, जागरण' एवढंच. साल नाही, गाव नाही. कानबाई म्हणजे आमची खान्देशातली देवी. फितीमागची छोटी मऊ गादी निखळलेली. जुन्या भजनाच्या कॅसेटमधली काढून बसवली, टेपचं हेड स्पिरिटने पुसलं, वायर लॅपटॉपला लावली. नव्वद मिनिटांची कॅसेट नव्वद मिनिटंच खाते, तिथे घाई चालत नाही.

पाच बाया गातायत, मागे कुत्रं भुंकतंय, कुणीतरी सारखं खोकतंय. मोठी माय एकदम म्हणाली, "मनी मायना आवाज शे हाऊ." तीन आवाज तिने ओळखले. उरलेल्या दोघी कोण, ते काही तिला सांगता येईना.

'डिजिटल केलं' म्हणून छाती फुगवणाऱ्यांशी माझं भांडण इथेच आहे. 'खान्देशी पारंपरिक गीत' असं लिहून, वर आपल्या चॅनेलचा ठसा मारून गाणं टाकायचं, आणि गाणारीचं नाव? हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रभरातून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या. 'परी' या ग्रामीण भारतावरच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर त्या ऐका, गाणारीचं नाव आणि गाव सोबत असतं. आपल्याकडे बहिणाबाईंचे शब्द सोपानदेवांमुळे वाचले, १९५२ साली पुस्तक आलं. पण कागदावर चाल उतरत नाही, आणि बहिणाबाई १९५१ लाच गेल्या होत्या.

दुसरं दुखणं. मागे एका संस्थेला मी पंधरा कॅसेट दिल्या, त्यात वहीगायनाच्या, म्हणजे आमच्याकडच्या लोकगायनाच्याही होत्या. डिजिटल झाल्या म्हणे. ऐकायला मागितल्या तर "अर्ज करा." आमच्याच आज्यांचा आवाज ऐकायला अर्ज! पेटीतून काढून हार्ड डिस्कमध्ये कोंडलं, फरक काय पडला?

सगळंच जगापुढे टाकावं असंही नाही. एक गाणं मोठ्या मायने गाळायला लावलं: "ते देवीसमोरच म्हणतस." गाळलं. रील बनवायला ते नाहीच.

मूळ वेव्ह फाइल दोन डिस्कवर ठेवलीय, एक डिस्क बहिणीकडे धुळ्याला. हलकी एमपीथ्री भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकली. रात्री सुरतेहून, उधन्याच्या चुलतभावाचा फोन. त्या दोघी त्यालाही माहीत नाहीत. पण खोकणारा माणूस, म्हणाला, आमचे आप्पाच.