नफा वाढूनही भाव का पडतो?

कंपनीचा नफा वाढला की समभागाचा भाव वाढलाच पाहिजे. तो पडला तर मोठ्या खेळाडूंनी मुद्दाम पाडला असे समजावे. आणि अनिश्चितता संपेपर्यंत सामान्य गुंतवणूकदाराने बाजारापासून लांब राहावे, असा तीन कलमांचा एक दावा वारंवार पुढे पाठवला जातो. तिन्ही कलमे सहज पटण्यासारखी आहेत, पण त्यांपैकी एकही जसेच्या तसे टिकत नाही.

पहिल्या कलमात गृहीत धरले आहे की भाव झालेल्या नफ्यावर ठरतो. प्रत्यक्षात तो पुढे मिळू शकणाऱ्या पैशावर आणि त्याविषयी बाजाराने आधीच बांधलेल्या अंदाजावर ठरतो. संगणकाच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया या अमेरिकी कंपनीने 28 ऑगस्ट 2024 रोजी तिमाही निकाल जाहीर केले. महसूल सुमारे 30 अब्ज डॉलर, म्हणजे वर्षभरापूर्वीपेक्षा 122 टक्क्यांनी जास्त होता आणि विश्लेषकांच्या सरासरी अंदाजाहूनही वरचा होता. तरीही दुसऱ्या दिवशी समभाग 6 टक्क्यांहून अधिक घसरला. आधीच्या काही तिमाहींत कंपनीने अंदाज याहून मोठ्या फरकाने मागे टाकले होते, त्यामुळे खरेदीदारांची खरी अपेक्षा छापील अंदाजाच्या बरीच पुढे गेली होती.

अंदाजातला थोडा बदल भावात मोठा का दिसतो, हे साध्या गणिताने कळते. एखादा समभाग पुढच्या वर्षी 5 (चलन कोणतेही धरा) लाभांश, म्हणजे नफ्यातून भागधारकाला मिळणारा वाटा, देणार आहे, तो लाभांश कायम दरवर्षी 4 टक्क्यांनी वाढेल आणि जोखमीच्या बदल्यात गुंतवणूकदार 9 टक्के परतावा मागतात, असे मानू. 9 आणि 4 यांतील फरकाने, म्हणजे 5 टक्क्यांनी, लाभांशाला भागले की भाव 100 येतो. वाढीचा अंदाज 4 वरून 3 टक्क्यांवर आला, तर तोच भाव सुमारे 83 होतो. त्याच वेळी भविष्याविषयी धास्ती वाढून लोक 9 ऐवजी 10 टक्के मागू लागले, तर तो 71 च्या आसपास येतो. या वर्षीच्या नफ्यात एका पैशाचाही फरक पडलेला नसतो.

दुसऱ्या कलमाचे बरेचसे उत्तर याच गणितात आहे: एवढ्या घसरणीसाठी कोणाच्या कारस्थानाची गरज लागत नाही. ज्या लहान समभागांत रोजची उलाढाल नगण्य असते, तिथे भाव कृत्रिमरीत्या चढवले-पाडले जातात, हे मान्यच करावे लागेल; पण तोच नियम जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांना लावणे ओढूनताणून आणलेले आहे. अमेरिकी अर्थतज्ज्ञ रॉबर्ट शिलर यांनी 1981 मध्ये दाखवून दिले की, पुढे प्रत्यक्ष मिळालेल्या लाभांशांच्या हिशेबाने भाव जितके हलायला हवे होते, त्याहून ते कितीतरी जास्त हलतात. या निष्कर्षावरून सामूहिक अंदाज भरकटू शकतो असे म्हणता येते, पण तो कोणीतरी भरकटवतो असे त्यातून सिद्ध होत नाही.

तिसरे कलम सर्वांत महागात पडणारे आहे. अमेरिकेतल्या सुमारे 500 मोठ्या कंपन्यांचा एस अँड पी 500 हा निर्देशांक 19 फेब्रुवारी ते 23 मार्च 2020 या काळात सुमारे 34 टक्के घसरला आणि 18 ऑगस्टला त्याने बंद भावाचा नवा उच्चांक गाठला. त्या दिवशी कोरोनाची महामारी ओसरली नव्हती आणि अमेरिकेत एकाही लसीला परवानगी मिळालेली नव्हती. फक्त व्याजदर शून्याजवळ आले होते आणि सर्वांत वाईट शक्यतांचे भय थोडे कमी झाले होते. अनिश्चिततेची किंमत भावातून आधीच वजा झालेली असते, त्यामुळे ती पूर्ण मिटण्याची वाट पाहणाऱ्याला सवलतही मिटलेलीच सापडते. ज्याला वर्षभरात पैसे लागणार आहेत त्याने समभागांपासून दूर राहावे हे रास्तच आहे, पण त्यामागचे कारण त्याच्याकडे असलेला अपुरा कालावधी हे आहे, आणि अनिश्चितता संपली तरी ते कारण तसेच राहते.