पैसे भरले, पण पुस्तक कुणाचं?

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज सविस्तर लिहितेच. डिजिटलमुळे शिक्षण बदललं, पुस्तकं बदलली, मीडिया बदलला यावर सगळेच बोलतात, पण बोलणं फिरून फिरून येतं ते स्क्रीन चांगली की वाईट, मुलांचं लक्ष लागतं का, कागदाचा वास वगैरेवर. मला वाटतं खरा बदल वेगळाच झालाय. आधी पुस्तक, नोट्स, पेपरची कात्रणं आपल्याकडे राहायची. आता आपल्याला मिळते ती वाचायची परवानगी, आणि ज्याने ती दिली तो ती कधीही काढून घेऊ शकतो.

उगाच नाही म्हणत. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने लोकांच्या किंडलमधून, म्हणजे ई-बुक वाचायच्या यंत्रातून, जॉर्ज ऑरवेलच्या दोन कादंबऱ्या परस्पर डिलीट केल्या. ज्याने त्या विकायला ठेवल्या त्याच्याकडे हक्कच नव्हते, हे मान्य, पैसेही परत दिले, कंपनीचा तेव्हाचा प्रमुख जेफ बेझोस याने जाहीर माफी मागितली. पण अमेरिकेतला एक शाळकरी मुलगा त्यातली एक कादंबरी सुट्टीच्या अभ्यासासाठी वाचत होता, त्याने जागोजागी नोट्स काढल्या होत्या, पुस्तक गेलं आणि नोट्स नुसत्याच मागे उरल्या, कुठली नोट कुठल्या ओळीवर तेच कळेना. तो कोर्टात गेला आणि कंपनीला दीड लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. मग २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-बुक स्टोअर बंद केलं तेव्हा लोकांनी विकत घेतलेली पुस्तकं उघडायचीच बंद झाली. पैसे परत मिळाले, आणि ज्यांनी पुस्तकात नोट्स काढलेल्या त्यांना वर २५ डॉलर. एखाद्याने महिनोन्महिने वाचून केलेल्या टिपणांचे २५ डॉलर! मला हे वाचून खरंच संताप आला होता.

आणि शिक्षणात हे जास्त लागतं. कादंबरी गेली तर दुसरीकडून मिळवू, पण अभ्यासाचं तसं नसतं, तिथे आपण पुस्तकात स्वतःची भर घालत असतो, समासात प्रश्न लिहितो, चुकलेलं गणित पुन्हा सोडवतो, पुढच्या वर्षी मागचं काढून बघतो. आता बऱ्याच ठिकाणी पुस्तकाऐवजी ॲक्सेस कोड मिळतो, त्याच कोडवर धडा, त्याच कोडवर गृहपाठ, आणि कोर्स संपला की कोड संपला. धाकट्या भावंडाला ते पुस्तक देता येत नाही, सेकंड हँड विकता येत नाही, म्हणजे ज्याच्याकडे पैसे कमी त्याचा सगळ्यात जुना आधारच गेला. कॉलेज सुटलं की लॉगिन बंद, मग रेकॉर्ड केलेली लेक्चर्स, शिक्षकांनी उत्तरपत्रिकेवर दिलेले शेरे, ग्रुपमधली चर्चा, सगळं पलीकडे. शिकलेलं डोक्यात राहतं म्हणे. राहतं ना, पण किती? सहा महिन्यांनी उघडून बघायला काही नको का?

लायब्ररीचंही तेच. हार्परकॉलिन्स या मोठ्या प्रकाशनसंस्थेने २०११ मध्ये लायब्ररींना सांगितलं की ई-बुक २६ वेळा दिलं गेलं की लायसन्स संपलं, परत पैसे भरा. कागदी पुस्तक बाइंडिंग करून करून किती जणांच्या हातून जातं हे कुठल्याही ग्रंथपालाला विचारा.

मीडियाकडे बघितलं तर अजूनच काळजी वाटते. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ मधल्या वेबपेजेसपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडतच नव्हती. २०२४ मध्येच एमटीव्ही न्यूज या संगीत-मनोरंजनाच्या बातम्या देणाऱ्या साइटचं वीसहून जास्त वर्षांचं लिखाण मालक कंपनीने साइटवरून काढून टाकलं, आणि ज्यांनी ते लिहिलं त्या पत्रकारांना स्वतःचे लेख शोधत इंटरनेट अर्काइव्ह या जुन्या वेबपेजेसच्या प्रती जपणाऱ्या साइटवर जावं लागलं. छापलेला अंक निदान कुठल्यातरी लायब्ररीच्या फायलीत सापडतो, कुणी सकाळचा मथळा दुपारी गुपचूप बदलू शकत नाही. ऑनलाइन बातमी दुरुस्त करावीच, पण काय बदललं ते खाली लिहायला काय हरकत आहे?

आता कुणी म्हणेल ही बाई डिजिटलच्या विरोधात आहे. अजिबात नाही. जुनी पुस्तकं फुकट देणारं, १९७१ पासून चालू असलेलं प्रोजेक्ट गुटेनबर्ग, १९९१ पासूनचं arXiv (उच्चार अर्काइव्हच, पण वरच्या इंटरनेट अर्काइव्हपेक्षा वेगळं) म्हणजे शास्त्रज्ञांचे पेपर फुकट वाचायची जागा, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे खुले कोर्सेस, विकिपीडिया, यांनी ज्ञान जितकं वाटलंय तितकं कुठल्याच छापखान्याला जमलं नसतं. पण बघा, यातल्या प्रत्येक ठिकाणी फाईल डाउनलोड करून स्वतःकडे ठेवता येते, विकिपीडियाचा तर अख्खा डेटाबेस उतरवून घेता येतो. उद्या साइट बंद पडली तरी प्रती जगभर राहतील. म्हणजे दोष तंत्रज्ञानात नाही, फाईलची प्रत काढता येऊ नये म्हणून तिला कुलूप लावायचा निर्णय माणसं घेतात.

आणि कुलूप नाही लावलं तर धंदा बुडेल, पायरसी वाढेल, हे जे सांगतात त्यांनी टॉर या प्रकाशनाकडे बघावं. विज्ञानकथा छापणारी मोठी संस्था, २०१२ मध्ये त्यांनी ई-बुकवरचं कुलूप काढून टाकलं आणि वर्षभरानंतर स्वतःच सांगितलं की पायरसीत लक्षात येईल अशी वाढ झाली नाही. लेखकाला पैसे मिळालेच पाहिजेत, त्यात वादच नाही, पण पैसे भरणाऱ्याच्या हातात फाईलही पडली पाहिजे. उलट फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲमेझॉनने किंडलची पुस्तकं साइटवरून कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची सोयच बंद केली.

तुमच्या मुलांच्या शाळेत-कॉलेजात टॅबवरची पुस्तकं लागली असतील तर पालकसभेत एवढं नक्की विचारा की वर्ष संपल्यावर पुस्तक राहणार का, मुलाने लिहिलेलं बाहेर काढून घेता येणार का, कंपनी बंद पडली तर काय. उत्तर लेखी मागा. ज्यांनी आधीच विचारलंय त्यांना काय उत्तर मिळालं ते खाली लिहा, आणि जे शिक्षक आहेत त्यांनीही लिहा, कारण पुस्तक निवडताना कंपनीच्या अटींमधलं हे कलम कुणी वाचतं का हे मला खरंच जाणून घ्यायचंय.