'गरिबाला मदत हवी, अभ्यास नको' : हे पटत नाही

'केंद्र सरकारने पाहण्या, चाचण्या आणि मूल्यमापनात वर्षं घालवू नयेत. गरिबाला मदत हवी, अभ्यास नको. अधिकाऱ्यांचा अनुभव पुरेसा आहे, डेटा तर संगणकावर आहेच. आणि नको ते आकडे सरकार दाबतंच.' अशा अर्थाचा मजकूर सध्या खूप फिरतोय. त्यामागची तळमळ मला कळते, पण हा सल्ला ऐकला तर नुकसान गरिबाचंच होईल.

म्हणे, अभ्यासामुळे उशीर होतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीची चाचणी घेतली. तुलनेसाठी ४७ गावं होती. ती नसती, तर 'बालमृत्यू तसेही कमीच होत होते' असं कुणीही म्हणू शकलं असतं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेने ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ साली हे 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आशा सेविकांमार्फत ही पद्धत देशभर नेण्याच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आल्या २०११ मध्ये. मधला काही काळ इतरत्र पडताळणीत गेला, तो वाया गेला असं मी म्हणणार नाही. तरी हिशेब बघा: चाचणीला पाच वर्षं, निष्कर्ष छापून आल्यावर धोरणाला बारा.

दुसरा मुद्दा, अधिकाऱ्यांचा अनुभव पुरेसा आहे. जंतुसंसर्ग झालेलं तान्हं बाळ दवाखान्यातच वाचतं, हासुद्धा अनुभवच होता. गडचिरोलीच्या याच चाचणीत गावातल्या प्रशिक्षित बायकांनी लक्षणं ओळखून, इंजेक्शन देऊन तो खोटा ठरवला.

आणि संगणकावरचा डेटा? त्यात ज्याची नोंद आहे, तोच दिसतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातल्या ७५ आणि शहरी भागातल्या ५० टक्क्यांपर्यंत लोकांना धान्याचा हक्क दिला. लाभार्थ्यांची मर्यादा मात्र २०११ च्या जनगणनेवरून ठरली, सुमारे ८१ कोटी. २०२१ ची जनगणना झालीच नाही. लोकसंख्या वाढली, मर्यादा तिथेच राहिली. कार्डच न मिळालेलं कुटुंब रेशनच्या यंत्रणेत सापडणार कसं? त्यासाठी घरोघरी जाऊन मोजावंच लागतं.

'सरकार नको ते आकडे दाबतं' हा आक्षेप मात्र रास्त आहे. कुटुंबं कशावर किती खर्च करतात हे मोजणाऱ्या २०१७-१८ च्या उपभोग खर्च पाहणीचे निष्कर्ष सरकारने दर्जाचं कारण देऊन प्रसिद्धच केले नाहीत. दर्जात खोट होती, तर आकडे खुले करून ती दाखवायची होती, अभ्यासकांनी तपासलं असतं. म्हणून पाहणी सुरू होण्याआधीच तिच्या प्रकाशनाची तारीख जाहीर व्हावी आणि निष्कर्ष कसेही असोत, ती पाळणं बंधनकारक असावं. नीती आयोगाच्या मूल्यमापन कार्यालयाच्या अहवालांनाही हाच नियम हवा.