मारव्यातला षड्ज आणि रात्री १० ची मर्यादा
उत्तम ध्वनिमुद्रणे घरबसल्या मिळत असल्याने मैफलीला जाण्याची गरज उरली नाही, असे एका लेखात वाचले; ते मत मला पटत नाही. गेल्या वर्षभरात पुण्यात ऐकलेल्या मैफलींपैकी मनात घर करून राहिली ती एका छोट्या सभागृहातली, जिथे विलंबित एकतालात (संथ लयीतल्या बारा मात्रांच्या तालात) मारवा हा राग मांडताना गायिकेने षड्ज, म्हणजे ‘सा’ हा मूळ स्वर, इतका वेळ दूर ठेवला की, अखेर ती त्यावर विसावली तेव्हा श्रोत्यांनीही रोखलेला श्वास सोडला. खंत एकच आहे. १९५३ साली सुरू झालेला पुण्यातला शास्त्रीय संगीताचा सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर रंगत असे. आता उघड्यावरील ध्वनिक्षेपकांना रात्री १० ची मर्यादा असल्याने दरबारी, मालकंस हे उशिरा रात्री गायचे राग त्यांच्या वेळी क्वचितच कानी पडतात. बंदिस्त सभागृहांत तरी आयोजकांनी मध्यरात्रीच्या मैफली पुन्हा भरवाव्यात.