स्त्री आणि निसर्ग : एका प्रतिक्रियेला उत्तर

पर्यावरणीय स्त्रीवाद, म्हणजे स्त्रीचे दमन आणि निसर्गाचे शोषण एकमेकांशी जोडलेले आहे असे मानणारा विचार, यावरील माझ्या लेखावर आपण दिलेल्या प्रतिक्रियेला उत्तर द्यायला मला चार दिवस लागले, कारण तिच्यातील बराच भाग मला मान्य आहे आणि तो आधी मान्य केल्याशिवाय उरलेल्यावर बोलणे प्रामाणिकपणाचे झाले नसते. आपले दोन आक्षेप आहेत. पर्यावरणीय स्त्रीवाद स्त्रीला जन्मजात पालनकर्ती ठरवून, ज्या चुलीपासून तिने कष्टाने सुटका करून घेतली तिच्याकडेच परत पाठवतो, हा पहिला. आणि जंगल-पाण्याचा प्रश्न मुळात गरिबीचा असून त्यात स्त्री-पुरुष हा भेद ओढून आणलेला आहे, हा दुसरा.

‘स्त्रिया निसर्गाशी उपजतच जोडलेल्या असतात’ हे माझ्या लेखातील वाक्य चुकीचे होते. या विचाराच्या एका शाखेने मातृत्वाचा आणि सृजनशक्तीचा असा गौरव केला आहे, आणि तिला आपला पहिला आक्षेप पूर्णपणे लागू पडतो. मात्र ती शाखा म्हणजे सगळा विचार नव्हे. फ्रेंच लेखिका फ्रान्स्वाज दोबोन यांनी १९७४ मध्ये ‘पर्यावरणीय स्त्रीवाद’ ही संज्ञा रूढ केली, त्याच वर्षी मानववंशशास्त्रज्ञ शेरी ऑर्टनर यांचा एक निबंध पुस्तकात आला, ज्याचा या चर्चेवर फार मोठा प्रभाव पडला. स्त्री निसर्गाच्या जवळ आहे असे त्यांनी म्हटले नव्हते. समाज तिला तशी मानतो, आणि निसर्गाला संस्कृतीपेक्षा खालचा समजत असल्यामुळे तिलाही खालची समजतो, असे त्यांचे म्हणणे होते.

हा धागा सर्वांत नेटाने पुढे नेला तो ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ व्हॅल प्लमवुड यांनी, १९९३ च्या त्यांच्या ग्रंथात. बुद्धी आणि भावना, मन आणि शरीर, पुरुष आणि स्त्री, संस्कृती आणि निसर्ग या जोड्यांमध्ये एक बाजू दुसरीवर पूर्णपणे अवलंबून असते, पण ते अवलंबित्व नाकारूनच ती स्वतःला श्रेष्ठ ठरवते, आणि जिच्या आधारावर आपण उभे आहोत तिला केवळ पार्श्वभूमी समजते, असे त्या दाखवतात. मला हा या संपूर्ण विचारातील सर्वांत मोलाचा मुद्दा वाटतो, कारण तो रोजच्या हिशेबात तपासून पाहता येतो. न्यूझीलंडच्या मॅरिलिन वॉरिंग यांनी १९८८ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीवर नेमके हेच बोट ठेवले : घरात विनामोबदला केलेला स्वयंपाक आणि केलेली शुश्रूषा त्या मोजणीत येत नाही, आणि उभे जंगलही येत नाही, ते तोडून लाकूड विकले की मात्र येते. दोन्हींना एकाच रीतीने हिशेबाबाहेर ठेवले जाते, एवढेच येथे म्हणायचे आहे, आणि त्यासाठी स्त्रीच्या स्वभावाबद्दल काहीही गृहीत धरावे लागत नाही. स्त्री आणि निसर्ग यांना उलट वर नेऊन बसवण्यालाही प्लमवुड यांचा विरोधच होता, कारण तसे केल्याने श्रेष्ठ-कनिष्ठ अशी जोडी तशीच राहते.

आपला दुसरा आक्षेप मला अपुरा वाटतो. गरिबी, वर्ग आणि जात यांना वगळून ‘स्त्री’ असा एकसंध गट कल्पिता येत नाही, हे अर्थशास्त्रज्ञ बीना अगरवाल यांनी १९९२ मध्येच सांगितले आणि भारतीय पर्यावरणवादी विचारवंत वंदना शिवा यांच्या, स्त्री आणि निसर्ग यांचे खास नाते मानणाऱ्या मांडणीवर त्याच अंगाने टीकाही केली. परंतु त्या तेथे थांबल्या नाहीत. श्रमाची आणि मालमत्तेची वाटणी स्त्री-पुरुषांमध्ये असमान असते, त्यामुळे जंगल नष्ट झाल्याची झळही असमान बसते, असे त्यांनी मांडले. झाडांना मिठी मारून वृक्षतोड रोखणाऱ्या चिपको आंदोलनाच्या काळात आजच्या उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यातील डुंगरी-पैंतोली येथे बटाट्याच्या बियाण्याच्या शेतीसाठी बांज (ओक) वृक्षांचे जंगल तोडण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा गावातील पुरुषांनी त्यातून मिळणाऱ्या सोयींकडे पाहून होकार दिला आणि त्याच घरांतील बायकांनी विरोध केला. गरिबी दोघांचीही होती. जंगल गेल्यावर सरपणासाठी आणि चाऱ्यासाठी रोज कित्येक मैल अधिक चालावे लागणार होते ते बायकांना. हा भेद कोणी बाहेरून ओढून आणलेला नव्हता.

मूळ लेखातील ते वाक्य मी काढले आहे, त्या जागी ही घटना लिहिली आहे, आणि बदल आपल्या आक्षेपामुळे केल्याचे तेथेच नोंदवले आहे.